पतंगांची हजेरी

कोकणात पहिला पाऊस पडला की संध्याकाळी ट्यूबलाइटखाली परात ठेवायची आणि तिच्यात दोन बोटं पाणी घालायचं, हे आमच्या आजीचं शास्त्र. पंख फुटलेली वाळवी दिव्याकडे झेपावायची, परातीत पडायची. सकाळी आजीने ती परात अंगणात ओतली की कोंबड्या धावत यायच्या. वाळवीबरोबर चार-दोन पतंगही असायचे. आजीने ते कधी मोजले नाहीत. मोजून करायचं काय?

संशोधनासाठी इंग्लंडला आले तेव्हा पहिली दोन वर्षं मी हर्टफर्डशायरमधल्या एका खेड्यात खोली घेऊन राहत होते. घरमालकीण पंच्याहत्तरी ओलांडलेली. तिला मी नावानेच हाक मारायचे, इथली रीतच ती, मनात मात्र आजी म्हणायचे. जूनमधल्या एका रात्री परसात निळसर पांढरा उजेड दिसला म्हणून खिडकीतून वाकून बघितलं, तर गवतावर एक लाकडी पेटी, पेटीवर बल्ब, आणि बल्बभोवती नुसता घिरट्यांचा गोंधळ. सकाळी सहाला ही बाई पायजम्यावर कोट चढवून पेटीसमोर गुडघे टेकून बसलेली. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे रचलेले होते. एकेक ट्रे उचलायचा, खळग्यात झोपलेला पतंग बघायचा, त्याचं नाव पुटपुटायचं आणि वहीत रेघ ओढायची. सगळे मोजून झाले की ट्रे झुडपात अलगद झटकायचे. कोणालाही मारायचं नाही. दर शुक्रवारी, १९७७ पासून.

पतंगांवरच्या भागात आम्ही एका काळ्या पतंगावरच इतका वेळ घालवला की या वहीबद्दल आणि तिच्यामागच्या तीनशे वर्षांबद्दल बोलायचं राहूनच गेलं. ते इथे लिहिते. आणि हो, मराठीत पतंग म्हटलं की संक्रांतीचा आधी आठवतो, पण मी बोलतेय ते मॉथबद्दल. ब्रिटनमध्ये फुलपाखरांच्या जाती ५९ आणि पतंगांच्या सुमारे २५००. यातल्या बहुतेकांना रात्री हिंडताना कोणी बघतही नाही.

गंमत म्हणजे त्यातल्या मोठ्या पतंगांना चक्क घरगुती इंग्रजी नावं आहेत. बाकीच्या बऱ्याच कीटकांच्या नशिबी फक्त लॅटिन आलं. पतंगांची नावं वाचत गेलात तर अठराव्या शतकातल्या एखाद्या श्रीमंत इंग्रज घरातून फेरफटका मारल्यासारखं वाटतं. कार्पेट नावाचे पतंग आहेत, कारण तेव्हा गालिचा ही चैनीची, मिरवायची वस्तू होती. भिंतीच्या लाकडी तक्तपोशीवरून वेन्सकॉट. दारात ताठ उभ्या राहणाऱ्या नोकरावरून फुटमन, कारण हा पतंग पंख अंगाशी घट्ट लपेटून तसाच उभा असतो. सॅटिन आहे, ब्रोकेड आहे, आणि मस्लिनही आहे, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांनी बंगालमधून नेलेली आपली मलमल. साध्या करड्या-तपकिरी रंगाचे ते क्वेकर, त्या पंथाच्या लोकांच्या साध्या कपड्यांवरून. पंखावर हिब्रू लिपीतल्या अक्षरासारखी खूण असलेला हिब्रू कॅरेक्टर. आणि जिथे नाव ठेवणाऱ्याने हात टेकले, तिथे अनसर्टन, कन्फ्यूज्ड, सस्पेक्टेड अशीही नावं आहेत, अगदी अधिकृत.

या नावांत कापडचोपड इतकं का, याचं एक कारण नाव ठेवणाऱ्यांच्या धंद्यात आहे. लंडनमध्ये अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात फुलपाखरं आणि पतंग गोळा करणाऱ्यांची एक मंडळी होती, ऑरेलियन सोसायटी. ऑरेलिया म्हणजे कोष, काही कोषांना सोनेरी झाक असते त्यावरून. या मंडळींमधला एक जुना जाणता माणूस म्हणजे जोसेफ डँड्रिज, रेशमी कापडाची नक्षी काढणारा. स्पिटलफील्ड्सच्या रेशीम विणकरांमध्येही हा छंद होता. दिवसभर रेशमाच्या धाग्यावर नजर ठेवणाऱ्याला पतंगाच्या पंखावरची नक्षी दिसणार नाही तर कोणाला दिसणार?

सोसायटीची बैठक कॉर्नहिल भागात, स्वान टॅव्हर्नमध्ये भरायची. २५ मार्च १७४८ ला तिथे आग लागली. त्या वेळी बैठक चालूच होती. मोझेस हॅरिसने पुढे १७६६ मध्ये आपल्या 'द ऑरेलियन' या पुस्तकात लिहून ठेवलंय की ज्वाळा खिडक्यांपर्यंत आल्या तेव्हा लोक टोप्या आणि काठ्या तिथेच टाकून पळाले. माणसं वाचली. संग्रह, पुस्तकं, कागद, सगळं गेलं. मला या गोष्टीत टोप्यांपेक्षा कागदांचं वाईट वाटतं. टोचून ठेवलेला पतंग पुन्हा पकडता येतो, पण अमुक साली अमुक ठिकाणी तो होता ही नोंद पुन्हा कशी पकडणार?

त्याच्याही आधीची एक बाई आहे, एलिनॉर ग्लॅनव्हिल. सॉमरसेटमधली जमीनदारीण, १६५४ चा जन्म. दुसरा नवरा हिंसक निघाला, संसार मोडला, आणि ही बाई किड्यांच्या मागे लागली. लंडनमधल्या संग्राहकांना ती नमुने पाठवायची. १७०९ मध्ये ती वारली. मालमत्तेचा मोठा वाटा तिने मुलांना न देता एका नातेवाइकाला ठेवला होता, म्हणून मुलाने मृत्युपत्राला आव्हान दिलं. म्हणणं हे की आईचं डोकं ठिकाणावर नव्हतं. शेजारीपाजारी साक्षीला आले, आणि बाई कुंपणं झोडपून किडे गोळा करत फिरायची हेही वेडाच्या पुराव्यात जमा झालं. मृत्युपत्र रद्द झालं. एका फुलपाखराला आज तिचं नाव आहे, ग्लॅनव्हिल फ्रिटिलरी. ब्रिटनमध्ये ते आता मुख्यतः आइल ऑफ वाइटच्या किनाऱ्यावर उरलंय.

हे मी जरा रेंगाळून लिहितेय, कारण एक प्रसंग आठवतो. ऑक्टोबरमध्ये आयव्हीच्या वेलाला फुलं येतात आणि रात्री त्यांच्यावर पतंगांची गर्दी होते. घरमालकिणीने सांगितलं म्हणून मी टॉर्च घेऊन गावाबाहेरच्या पायवाटेवर ते बघायला गेले होते. वाट सार्वजनिक, तसा फलकच आहे तिथे. कुत्र्याला फिरवणारे एक गृहस्थ थांबले आणि मी रस्ता चुकलेय का असं विचारलं. नाही म्हटलं. मग इथे काय करताय? पतंग बघतेय. त्यांच्या चेहऱ्यावर अविश्वास स्पष्ट होता. शेवटी मी घरमालकिणीचं नाव सांगितलं तेव्हा चेहरा सैल झाला, आणि पुढची दहा मिनिटं त्यांनी मला लहानपणी पाळलेल्या सुरवंटांच्या गोष्टी सांगितल्या. माणूस वाईट नव्हता. पण माझ्या टॉर्चला दुसऱ्याच्या नावाचा परवाना लागला, हे काही मी विसरले नाही. इंग्लंडच्या ग्रामीण भागात निसर्ग बघत उभं राहायचा हक्क कोणाला आपोआप मिळतो आणि कोणाला सिद्ध करावा लागतो, हा प्रश्न एलिनॉरपासून चालत आलाय.

हक्क आपोआप मिळालेल्यांत गावचे पाद्री पहिले. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध गिल्बर्ट व्हाइट, हॅम्पशायरमधल्या सेलबर्नचा. १७८९ चं त्याचं पुस्तक अजूनही छापलं जातं. व्हाइट फार लांब कुठे गेला नाही. आपल्याच गावात स्वॅलो कधी आल्या, बागेतलं कासव झोपेतून कधी जागं झालं, हे वर्षानुवर्षं लिहित राहिला. त्याच्याशी पत्रव्यवहार करणाऱ्या नॉरफकच्या रॉबर्ट मार्शमने १७३६ पासून वसंताच्या खुणा लिहायला घेतल्या, पहिलं फूल, पहिली पालवी, पहिली कोकिळा. मार्शम गेल्यावर त्याच्या कुटुंबाने ती नोंद पुढे चालवली, ती थेट १९५८ पर्यंत! आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वहीचोपडी सांभाळली ती वतनाची नाहीतर उधारीची. या घराण्याने पालवीची सांभाळली.

पतंगांकडे वळायचं तर आधी ते रात्री पकडायचे कसे हा प्रश्न. एकोणिसाव्या शतकात त्याचं उत्तर किराणा दुकानातून आलं. एसेक्समधल्या एपिंग गावात डबलडे नावाचं क्वेकर कुटुंब होतं, त्यांचं किराण्याचं दुकान. हेन्री आणि एडवर्ड या भावांच्या लक्षात आलं की साखरेच्या रिकाम्या पिंपांवर रात्री पतंग जमतात. त्यातून युक्ती निघाली: कच्ची साखर, काकवीसारखं काळं घट्ट ट्रीकल आणि बिअर एकत्र उकळायची, वर थोडी रम घालायची, आणि संध्याकाळी ते ब्रशने झाडांच्या खोडांना फासायचं. अंधार पडल्यावर कंदील घेऊन फेरी मारायची. पतंग झिंगलेले सापडतात. याला शुगरिंग म्हणतात, आणि हौशी लोक आजही करतात. घरमालकिणीनेही एकदा करून दाखवलं, स्वयंपाकघरात दोन दिवस दारूच्या गुत्त्याचा वास होता.

ती पिंपं १८३० च्या दशकातली. त्याच दशकात ब्रिटिश वसाहतींमधली गुलामगिरी कायद्याने संपली आणि उसाच्या मळ्यांसाठी नवे हात शोधायची धावपळ सुरू झाली. १८३४ पासून करारावर बांधलेले मजूर हिंदुस्थानातून मॉरिशसला जाऊ लागले, त्यात मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसंही होती. आपल्या वाचकांत मॉरिशसची मराठी मंडळी आहेत, त्यांना हे मी काय सांगणार. डबलडेंच्या पिंपातली साखर कुठल्या बेटावरची होती हे पिंपावर लिहिलेलं नाही. पण एसेक्सच्या रानात झाडाला फासलेली ती गोडी फुकट आलेली नव्हती.

आता तो काळा पतंग. भागात ऐकला असेल तरी थोडक्यात, कारण एक गोष्ट तेव्हा सांगितली नव्हती. पेपर्ड मॉथ, पांढऱ्या पंखांवर मिरपूड भुरभुरल्यासारखे ठिपके. दिवसा झाडावर बसला की तिथल्या दगडफुलात मिसळून जातो. दगडफूल म्हणजे तेच, गोड्या मसाल्यातलं, कागद चुरगळल्यासारखं करडं. आई भारतातून पाठवते त्या पुडीतलं. इंग्लंडच्या झाडांवर त्याचे भाऊबंद भरपूर असतात, पण गंधकाच्या धुरात बहुतेक दगडफुलं तग धरत नाहीत. मँचेस्टरच्या गिरण्यांच्या धुराड्यांनी आसपासच्या झाडांवरची दगडफुलं मारली आणि खोडांवर काजळी चढवली. १८४८ मध्ये मँचेस्टरमध्ये या पतंगाचा पूर्ण काळा नमुना सापडला. १८९५ पर्यंत त्या भागातले ९८ टक्के पतंग काळे होते. काळ्या खोडावर पांढरा पतंग पक्ष्यांना लगेच दिसतो, काळा वाचतो, आणि वाचलेल्याची पोरं काळी निपजतात.

सांगायचं राहिलेलं हे: तो पहिला काळा पतंग कोणी मुद्दाम शोधला नव्हता. मँचेस्टरच्या आसपास पतंग पकडणाऱ्यांची परंपराच होती, आणि तिच्यात पैसेवाल्यांबरोबर कामगारही होते. लँकेशायरचे विणकर गुत्त्यात जमायचे, वर्गणी काढून झाडापानांची पुस्तकं विकत घ्यायचे. एलिझाबेथ गॅस्केलच्या 'मेरी बार्टन' या कादंबरीत जॉब लेग नावाचा म्हातारा आहे, कामगार वस्तीतल्या खोलीत किडे टाचण्यांवर टोचून ठेवणारा. कादंबरीचं साल १८४८ च. म्हणजे ज्या शहराने पतंग काळा केला, त्याच शहरातल्या धुराने खोकणाऱ्या लोकांमध्ये तो ओळखू शकणारे डोळेही होते. नेहमीचा पतंग कसा दिसतो हे ज्याला पाठ असतं, त्यालाच वेगळा निघाला तर कळतं.

आणि त्या गिरण्यांत कापूस कुठला? आधी मुख्यतः अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली आणि तो कापूस थांबला, तेव्हा खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे लँकेशायरला धावला. तिथले कामगार सगळ्या हिंदी कापसाला 'सुरत' म्हणायचे आणि त्याच्या आखूड धाग्याला शिव्या घालायचे. मुंबईत त्या पैशातून शेठजी झाले आणि बुडालेही. तेव्हा मँचेस्टरच्या खोडांवर जी काजळी बसली, तिच्यात थोडा वाटा अमरावती-जळगावकडच्या सरकीचा आहे असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण अगदी खोटंही होणार नाही.

१९२४ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी १८४८ नंतरच्या या बदलाचं गणित मांडलं. इतक्या वेगाने रंग बदलायचा तर काळ्याला पांढऱ्यापेक्षा जवळजवळ दीडपट फायदा हवा, असं उत्तर आलं. इतकी जोरदार निवड निसर्गात असेल यावर तेव्हा विश्वास बसणं अवघड होतं. हेच हाल्डेन पुढे १९५७ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेत आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. गणिताला रानात तपासायचं काम बर्नार्ड केटलवेल नावाच्या डॉक्टरने केलं. पंखाखाली रंगाचा ठिपका लावून पतंग सोडायचे आणि काही रात्रींनी दिव्याने परत पकडायचे. बर्मिंगहॅमच्या काजळलेल्या रानात काळे पतंग जवळजवळ दुपटीने परत मिळाले, डॉर्सेटच्या स्वच्छ रानात बरोबर उलट. पुढे या प्रयोगावर बरीच टीका झाली. पतंग हाताने खोडावर बसवले, एका जागी फार सोडले, वगैरे. त्यात तथ्य होतं. मग केंब्रिजच्या मायकेल मॅजेरस यांनी सहा वर्षं स्वतःच्या बागेत पहाटे उठून ४८६४ पतंग सोडून निरीक्षणं केली. २००९ मध्ये ते वारले, निष्कर्ष २०१२ मध्ये सहकाऱ्यांनी छापले. पक्षी खरंच रंग बघून वेचतात. सहा वर्षं, एकाच बागेत, रोज पहाटे! पीएचडी करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

माझा मात्र या कथेतला आवडता माणूस वेगळाच आहे, सिरिल क्लार्क. लिव्हरपूलचे डॉक्टर, फुलपाखरांची पैदास करणं हा छंद. विराल द्वीपकल्पावरच्या काल्डी गावात घर. १९५९ पासून त्यांनी बागेतल्या सापळ्यात येणारे पेपर्ड मॉथ दरवर्षी मोजले, काळे किती, पांढरे किती. सुरुवातीला ९० टक्क्यांहून जास्त काळे. १९५६ मध्ये क्लीन एअर अॅक्ट आला होता, धूर हळूहळू कमी होत गेला, आणि पस्तीस वर्षांत क्लार्क यांच्या बागेत काळ्यांचं राज्य संपलं. म्हणजे उत्क्रांती उलट्या दिशेने जाताना एका माणसाने घरबसल्या मोजली. याच क्लार्क यांनी फिलिप शेपर्ड यांच्याबरोबर स्वॅलोटेल फुलपाखरांच्या आनुवंशिकतेवर काम केलं. त्यावरून त्यांचं लक्ष माणसाच्या आरएच रक्तगटाकडे गेलं, आणि त्यांच्या लिव्हरपूलच्या गटाने १९६० च्या दशकात अँटी-डी इंजेक्शनचा मार्ग शोधला. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर पुढच्या बाळांचा जीव वाचवणारं ते इंजेक्शन. माझ्या आईला ते मिळालं होतं. मी पहिली, माझा भाऊ दुसरा.

घरमालकिणीच्या घरापासून बसने थोड्याच अंतरावर हार्पेंडन गाव आहे. तिथे रॉथमस्टेड नावाचं शेतीसंशोधन केंद्र आहे, १८४३ पासूनचं. १९३३ मध्ये सी. बी. विल्यम्स यांनी तिथे शेताच्या कडेला एक दिवा लावून सापळा ठेवला आणि रोजच्या रोज सगळे पतंग मोजायला सुरुवात केली. सगळे म्हणजे सगळे. तोवर संग्राहक दुर्मिळाच्या मागे असायचे. नेहमीचा, घाण्याच्या बैलासारखा रोज येणारा पतंग कोण मोजतो? विल्यम्स यांनी मोजला. त्यातून दिसलं की थोड्याच जाती हजारोंनी येतात आणि कित्येक जाती अख्ख्या वर्षात एकदाच हजेरी लावतात. १९४३ मध्ये रोनाल्ड फिशर यांनी या आकड्यांतून एक सूत्र काढलं, जैवविविधता मोजणारे लोक ते आजही वापरतात.

१९६० च्या दशकात रॉथमस्टेडने असे सापळे देशभर पसरले. चालवणारे बहुतेक स्वयंसेवक: शाळेतले शिक्षक, वनरक्षक, निवृत्त लोक. बल्ब सगळीकडे सारखा, २०० वॅटचा साधा तारेचा. त्याहून भारी बल्ब बाजारात येऊन गेले. १९५० मध्येच रॉबिन्सन बंधूंनी पाऱ्याच्या दिव्याचा सापळा काढला होता, त्यात कितीतरी जास्त पतंग येतात. तरी रॉथमस्टेडने बल्ब बदलला नाही, कारण बदलला की आजचा आकडा कालच्या शेजारी ठेवता येत नाही. त्या जुनाट बल्बमुळेच आज ठामपणे सांगता येतं की १९६८ ते २०१७ या पन्नास वर्षांत ब्रिटनमधल्या मोठ्या पतंगांची एकूण संख्या ३३ टक्क्यांनी घटली. दक्षिणेत ३९, उत्तरेत २२. शेतीची औषधं, तोडलेली कुंपणं, रात्रीचा उजेड, बदलतं हवामान, कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. काही जाती वाढल्याही. जर्सी टायगर पूर्वी डेव्हनच्या किनाऱ्यापुरता होता, आता लंडनच्या परसांत उडतो. २००७ मध्ये केंटमध्ये पहिल्यांदा दिसलेला पूर्व आशियातला बॉक्स-ट्री मॉथ आता बागवाल्यांच्या डोक्याला ताप झालाय. नोंदणीच्या भाषेत पतंग रेसिडेंट असतात, इमिग्रंट असतात. व्हिसाचे कागद भरून आलेल्या माणसाला हे शब्द वाचताना जरा हसू येतं.

बघण्याची ही परंपरा आपल्याकडे आलीच नाही असं नाही. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३ मध्ये आठ जणांनी सुरू केली, त्यात डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते. आठांपैकी आणखी एक, मुंबई सैन्यातले अधिकारी चार्ल्स स्विन्हो, यांनी १८८५ मध्ये मुंबई आणि दख्खनच्या फुलपाखरा-पतंगांची यादी छापली. पण यादी वेगळी आणि हजेरी वेगळी. यादीत नाव एकदा लागलं की काम झालं. हजेरी रोज घ्यावी लागते, आणि ती घ्यायला जागेवर राहणारं माणूस लागतं. स्विन्होंचा संग्रहही शेवटी इंग्लंडलाच गेला.

हे सगळं मला कळायला लागलं ते पुस्तकांतून नाही. एका हिवाळ्यात घरमालकिणीच्या वह्या मी कॉम्प्युटरवर उतरवून द्यायला घेतल्या. तिचे डोळे अधू होत चालले होते आणि जिल्ह्याच्या नोंदप्रमुखाला, म्हणजे काउंटी मॉथ रेकॉर्डरला, सगळं स्प्रेडशीटमध्ये हवं होतं. २००७ पासून देशभरच्या अशा नोंदी एका राष्ट्रीय योजनेत जमा होतात, आजवर कोट्यवधी झाल्यात. मी रोज संध्याकाळी एक वही घ्यायचे. तारीख, हवा, नाव, आकडा. बाजूला वाक्य क्वचितच. नवरा गेला त्या आठवड्यातही शुक्रवारची नोंद आहे, नेहमीपेक्षा अक्षर जरा बारीक, इतकंच.

गार्डन टायगर नावाचा एक मोठा देखणा पतंग आहे. पुढचे पंख चॉकलेटी-पांढरे, मागचे लालभडक. त्याचा सुरवंट इतका केसाळ की पूर्वी इंग्लंडमधल्या शाळकरी पोरांना तो हमखास माहीत असायचा, आपल्याकडे गाईच्या गोचिडीइतका. पहिल्या वह्यांमध्ये दर जुलैत तो आहेच, आठ-दहा, कधी जास्त. १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर एखाददुसरा. मग एकही नाही. रॉथमस्टेडचे आकडेही हेच सांगतात, २००२ पर्यंतच्या पस्तीस वर्षांत तो ९० टक्क्यांच्या आसपास घटला. ओले, कोमट हिवाळे त्याच्या सुरवंटाला मानवत नाहीत. पण वहीत आणखी एक गोष्ट होती. आला नाही त्याचं नाव सहसा कोणी लिहित नाही. तिने मात्र पुढची कित्येक वर्षं दर जुलैच्या पहिल्या शुक्रवारी त्याचं नाव लिहून समोरची जागा कोरी सोडली होती.

मी विचारलं, या रिकाम्या जागेत स्प्रेडशीटमध्ये काय भरू, शून्य? ती म्हणाली, नको, शून्य म्हणजे मी खात्रीने सांगतेय असं होईल. तसंच ठेव.

आता मी लेस्टरमध्ये राहते, तळमजल्याचा फ्लॅट, मागे चटईएवढं गवत. बादलीवर बसवायचा लहानसा एलईडी सापळा घेतलाय. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलं, पलीकडच्या गुजराती मावशी आता स्वतःच विचारतात, आज दिवा आहे का गं? पहिल्या एप्रिलमधल्या माझ्या वहीत कॉमन क्वेकर ६, हिब्रू कॅरेक्टर ४, अर्ली ग्रे १ एवढंच आहे. एका पतंगाचं नाव मी चुकीचं लिहिलं होतं, नोंदप्रमुखांचं मेल आलं, फोटो आहे का म्हणून. होता. पुसून अनसर्टन लिहावं लागलं. म्हणजे पतंगाचं नावच ते.

आजीला व्हिडिओ कॉलवर पेटी दाखवली तेव्हा तिने दोनच गोष्टी विचारल्या. विजेचं बिल किती येतं, आणि सकाळी त्यांना सोडतेस ना? सोडते म्हटलं, पण सोडायच्या आत उठावं लागतं. कारण दिवा कुठे आहे हे इथल्या एका रॉबिनला कळलंय. साडेपाचला तो कुंपणावर येऊन बसतो, मी ट्रे उचलायची वाट बघत.